पानावरचे स्थिर आणि सरकते



आज ज्या विषयावर आपल्याशी बोलणार आहे तो डोळ्यांनी पाहावयाचा विषय आहे, आणि रेडिओला तर डोळे नाहीत. तेव्हा आरंभीच आपणांस एक विनंती. जवळ एखादे जुने पोस्टकार्ड किंवा लग्नपत्रिकेचा जाड कागद असेल तर तो घ्यावा, एक कात्री घ्यावी, आणि वहीचे पान उभे फाडून त्याची तीन बोटे रुंदीची लांब पट्टी करावी. हाताशी काही नसेल तर हरकत नाही, मनाने करा. शिक्षक बंधुभगिनींना मात्र माझे सांगणे असे की हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा. संगणक नसला, वीज गेलेली असली, तरी तो होतो.

पोस्टकार्डाच्या मधोमध एक चौकोन कापा. ही झाली खिडकी. कागदाच्या पट्टीवर वरपासून खालपर्यंत एकाखाली एक ओळी लिहा; मुलांची नावे लिहा, गावांची लिहा, काहीही. आता ती पट्टी पोस्टकार्डाच्या मागून खिडकीत धरा आणि हळूहळू वर ओढा. वरच्या ओळी खिडकीबाहेर जातात, खालच्या आत येतात. इंटरनेटवरचे पान आपण मोबाइलवर वाचता तेव्हा नेमके हेच घडत असते. पान म्हणजे ही पट्टी, फोनची काच म्हणजे ही खिडकी. बोटाने पान वर सारणे याला स्क्रोल करणे म्हणतात. आपण साधे 'सरकवणे' म्हणू.

आता दुसरी पायरी. एक अरुंद कागद खिडकीच्या तळाशी आडवा चिकटवा आणि त्यावर शाळेचे नाव लिहा. पुन्हा पट्टी ओढा. मुलांची नावे सरकतात, शाळेचे नाव जागच्या जागी राहते. किती छान दिसते! पण जरा निरखून बघा. त्या आडव्या कागदाच्या मागे पट्टीवरची एक ओळ झाकली गेली आहे. पट्टी वर ओढली की ती ओळ दिसू लागते आणि दुसरी झाकते. अशा रीतीने सगळ्या ओळी केव्हा ना केव्हा दिसतात. फक्त एक सोडून. पट्टी संपली, आणखी ओढता येत नाही, त्या वेळी आडव्या कागदामागे जी ओळ असेल ती काही केल्या दिसत नाही. ती शेवटची ओळ.

त्या शेवटच्या ओळीसाठीच हा विषय मी आज घेतला आहे.

मी महाविद्यालयात भाषा शिकवतो. संगणकाचे शास्त्र काही माझे नव्हे. पण लहान गावातल्या महाविद्यालयात ज्याला थोडेफार टंकता येते त्याच्या गळ्यात संस्थेचे संकेतस्थळ पडते, तसे ते माझ्या पडले. दोन उन्हाळी सुट्या खर्ची घालून पाने बांधावयास शिकलो. शिकलो म्हणण्यापेक्षा, येते असे वाटू लागले. त्या भरात मी प्रवेशाच्या पानावर तळाला एक निळी पट्टी लावली. कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि कामकाजाची वेळ तिच्यावर. पान कितीही सरकवा, पट्टी तळाशी उभीच. सहकाऱ्यांनी वाहवा केली, मीही ती घेतली.

जूनच्या अखेरीस एक गृहस्थ मुलाला घेऊन कार्यालयात आले. गाव लांब, दोन एसट्या बदलून यावे लागते. मूळ कागदपत्रे दाखल करावयाची मुदत आदल्या दिवशीच संपली होती. कारकून म्हणाला, "पानावर तारीख दिलेली होती." गृहस्थ म्हणाले, "साहेब, मी ते पान तीनदा वाचलं. अगदी खालपर्यंत वाचलं. तारीख नव्हती." आणि त्यांनी फोन पुढे केला. मी शेजारीच उभा होतो. त्यांच्या हातून फोन घेतला, पान खाली नेले, आणखी खाली नेले. जिथे पान संपले तिथे माझी निळी पट्टी होती आणि मुदतीची ओळ तिच्या पाठीमागे.

मुलाला प्रवेश मिळाला, नाही असे नाही. पण तो पुढच्या फेरीत, आणि त्याला हवा होता त्या विषयाच्या जागा तोवर भरल्या होत्या. वडील रागावले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "म्हणजे ती तिथंच होती होय?"

असो. आता हे असे का होते ते पाहू. कारण ते समजले तर टाळता येते, आणि आज अनेक शाळा, ग्रामपंचायती, दूधसंस्था आपापली पाने बांधत आहेत.

वेबचे पान दोन भाषांत लिहितात. मजकूर एचटीएमएल या भाषेत, मांडणी सीएसएस या भाषेत. जुन्या छापखान्याची आठवण असणाऱ्यांना हे चटकन कळेल. लेखक मजकूर देई, आणि समासात जुळाऱ्यासाठी सूचना असत: हा मथळा ठळक घ्यावा, इथे जागा सोडावी. सीएसएस म्हणजे त्या समासातल्या सूचना. जुळारी म्हणजे ब्राउझर, पान उघडून दाखवणारा तो प्रोग्राम. सीएसएसची कल्पना हाकोन व्हियुम ली या नॉर्वेजियन गृहस्थांनी १९९४ च्या ऑक्टोबरात मांडली. ते त्या वेळी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत होते. तिची पहिली अधिकृत आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये निघाली आणि दुसरी मे १९९८ मध्ये. आपल्याला हवी असलेली सूचना या दुसऱ्या आवृत्तीत आली. तिचे नाव 'पोझिशन', आणि तिची किंमत 'फिक्स्ड'. पोझिशन म्हणजे स्थान, फिक्स्ड म्हणजे खिळवलेले.

त्याआधी लोक काय करीत? त्याआधी फ्रेम नावाचा प्रकार होता. नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझराच्या १९९६ च्या आवृत्तीबरोबर तो रूढ झाला. एका खिडकीचे दोन-तीन तुकडे करायचे आणि प्रत्येकात वेगळे पान उघडायचे. डावीकडे अनुक्रमणिका स्थिर, उजवीकडे मजकूर सरकता. दिसायला उत्तम. पण वरच्या पत्त्याच्या जागी आपला पत्ता एकच राही, आत कितीही पाने बदलली तरी. एखाद्याला 'अमुक पान वाच' म्हणून पत्ता कळवावा तर तो भलत्याच पहिल्या पानावर जाऊन पोहोचे. ज्या घराला पत्ता नाही तिथे टपाल जात नाही, तशातला तो प्रकार. पुढे २०१४ च्या एचटीएमएल ५ या प्रमाणात फ्रेमची ती जुनी पद्धत वगळलेलीच आहे. फिक्स्डलाही लगेच सुदिन आले असे नाही. २००१ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ या त्या काळच्या फार मोठ्या ब्राउझराला ही सूचना कळतच नसे. २००६ च्या सातव्या आवृत्तीत ती कळू लागली.

फिक्स्डचा स्वभाव असा: ज्या भागाला आपण फिक्स्ड म्हणतो तो मजकुराच्या रांगेतून बाहेर पडतो. रांगेत त्याची जागा उरत नाही. पंगतीतून एक जण उठला आणि बाकीचे सरकून बसले, असे होते. तो उठलेला मग पंगतीच्या वर, खिडकीच्या काचेवर जाऊन बसतो. खालच्या मजकुराला त्याचा पत्ताच नसतो. तो खुशाल त्याच्या मागून सरकत राहतो. म्हणून पान बांधणाऱ्याने स्वतःहून पानाच्या तळाला तेवढी मोकळी जागा सोडावी लागते. पट्टी साठ पिक्सेल उंचीची असेल तर साठ पिक्सेल रिकामे. पिक्सेल म्हणजे पडद्यावरच्या मापाचा बारीक एकक, एवढे धरून चला.

मग मी ती जागा सोडली नव्हती काय? सोडली होती. साठ पिक्सेलच सोडली होती. माझ्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर पट्टीतला मजकूर एका ओळीत मावत होता. त्या गृहस्थांच्या फोनचा पडदा अरुंद, आणि चाळिशीमुळे त्यांनी फोनमधली अक्षरे मोठी करून घेतलेली. क्रमांक आणि वेळ मिळून पट्टीच्या तीन ओळी झाल्या. पट्टी वाढून दीडशेच्या घरात गेली; मोकळी जागा साठच राहिली. मधले नव्वद पिक्सेल कोणाचे? तारखेचे.

इथे मला शिक्षकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. आपण पान बांधतो संगणकापुढे बसून, आणि ते वाचले जाते बांधावर, एसटीत, रेशनच्या रांगेत, पाच-सहा इंचांच्या काचेवर. साधारण फोन सीएसएसच्या मापाने ३६० पिक्सेल रुंद आणि ६४० च्या आगेमागे उंच धरतात. नवे फोन थोडे अधिक उंच असतात. त्यातली वरची पट्टी ब्राउझर स्वतःच्या पत्त्यासाठी घेतो. उरले साधारण ५६०. त्यात आपण संस्थेचे नाव वर खिळवले, त्याचे ५६. त्याखाली 'महत्त्वाची सूचना' म्हणून आणखी ४०. तळाला दूरध्वनी, ६०. बेरीज करा: १५६. म्हणजे पडद्याचा चौथा हिस्सा आपल्या पाट्यांनीच गेला. हाच फोन आडवा धरला की उंची ३६०, ब्राउझरचे वजा जाता तीनशे. त्यातले १५६ आपण घेऊन बसलो. निम्म्याहून अधिक. आणि त्याच पानावर नाव लिहावयाचा रकाना असला नि टंकण्यासाठी कळफलक वर आला, तर वाचणाऱ्याला स्वतःचे लिहिलेले अक्षरही दिसायचे नाही. मोठमोठ्या वृत्तपत्रांची आणि दुकानांची पाने बघा. वर जाहिरात, खाली 'आमचे ॲप घ्या', आणि ती बंद करायची फुली मुंगीएवढी. मजकूर मधल्या फटीतून वाचायचा. घरात पाहुण्यांची ट्रंक एवढी की यजमानाने ओसरीवर झोपावे!

यावर एक उपाय असा की काचेवर काही चिकटवूच नये. खिडकीचेच तीन खण पाडावे. वरच्या खणात संस्थेचे नाव, खालच्यात दूरध्वनी, आणि मधला खण उरलेल्या सगळ्या जागेचा. सरकेल ते फक्त मधल्या खणात. असे केले म्हणजे कोणी कोणाच्या मागे जात नाही. प्रत्येकाला हक्काची जागा. पट्टीच्या तीन ओळी झाल्या तर तळाचा खण आपोआप उंच होतो आणि मधला तेवढा आखडतो. झाकले काहीच जात नाही.

सीएसएसमध्ये हे 'ग्रिड' या पद्धतीने फार सोपे झाले आहे. ती २०१७ पासून मुख्य ब्राउझरांत आली. बाहेरच्या डब्याला 'डिस्प्ले' ची किंमत 'ग्रिड' द्यायची. मग 'ग्रिड टेम्प्लेट रोज' या सूचनेत तीन किमती लिहायच्या: 'ऑटो', 'एक एफआर', 'ऑटो'. ऑटो म्हणजे मजकुराला लागेल तेवढे. एफआर म्हणजे उरलेल्यातला वाटा. एकच वाटेकरी असल्यामुळे सगळे उरलेले त्याचे. आणि मधल्या डब्याला 'ओव्हरफ्लो' ची किंमत 'ऑटो', म्हणजे मजकूर मावेनासा झाला तर आतल्या आत सरकू दे.

दोन खाचखळगे आहेत, तेवढे सांगतो. बाहेरच्या डब्याची उंची खिडकीएवढी हवी. त्यासाठी पूर्वीपासून '१०० व्हीएच' असे लिहीत. शंभर टक्के खिडकी. पण फोनवरची ब्राउझरची पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी लपते, आणि व्हीएच मोजताना ती लपलेलीच धरतात. म्हणजे ती दिसत असताना आपला तळाचा खण पडद्याखाली बुडतो. बरीच वर्षे लोकांनी यावर नाना युक्त्या केल्या. २०२२ साली 'डीव्हीएच' हे नवे माप मुख्य ब्राउझरांत आले. ते त्या क्षणी दिसणारी खरी उंची मोजते. '१०० डीव्हीएच' लिहावे. दुसरा खळगा जरा चमत्कारिक आहे. सरकणारा भाग मधल्या खणात थेट नसून आणखी एका डब्याच्या आत असला, तर तो मधला डबा अडून बसतो: माझ्या पोटातल्या मजकुराहून मी लहान होणार नाही! मग सगळेच फुगते आणि सरकत काहीच नाही. त्याला 'मिन हाइट' शून्य असे सांगितले की तो ऐकतो. एवढ्या एका शून्यासाठी माझी एक अख्खी रात्र गेली आहे.

या पद्धतीत उणे काहीच नाही असे मात्र समजू नका. असे पान छापायला घेतले की कागदावर फक्त खिडकीत दिसत होते तेवढेच उमटते. मधल्या खणातले बाकीचे आतच राहते. शाळेच्या नोटिशी तर छापून फळ्यावर लावायच्या असतात. तेव्हा छपाईसाठी म्हणून वेगळी सूचना लिहावी लागते, 'मीडिया प्रिंट' या शीर्षाखाली: उंची मोकळी, ओव्हरफ्लो मोकळा. फिक्स्डचे छपाईत याहून वेगळेच होते. ती पट्टी प्रत्येक कागदावर पुन्हा पुन्हा उमटते, आणि कधी मजकुरावरच.

आता तिसरा प्रकार. शिक्षकांना तो सर्वांत जवळचा वाटेल. त्यासाठी निकालाचा तक्ता डोळ्यांपुढे आणा. डावीकडे मुलांची नावे, वर विषय, मध्ये गुण. कागदावरचा मोठा तक्ता वाचताना आपण काय करतो? डाव्या हाताचे बोट नावावर ठेवतो, उजव्या हाताने ओळीखाली फूटपट्टी सरकवतो. बोट सुटले की एकाचे गणिताचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. फोनवर हा तक्ता उघडला की बोट ठेवायला जागाच नाही. तीस नावे खाली गेलो की विषयांची ओळ वर निघून गेलेली. उजवीकडे विज्ञानापर्यंत गेलो की नाव डावीकडे बुडालेले. समोर नुसते बेचाळीस, सदतीस, एकसष्ट. कोणाचे? कशाचे?

या जागी 'पोझिशन' ची 'स्टिकी' ही किंमत कामास येते. स्टिकी म्हणजे चिकट. वेबकिट या ब्राउझरच्या यंत्रणेत काम करणाऱ्यांनी ती २०१२ च्या सुमारास आणली, फायरफॉक्सने २०१४ मध्ये घेतली, आणि क्रोमच्या २०१७ च्या आवृत्तीत ती कायमची आली. हिचा स्वभाव फिक्स्डसारखा उद्धट नाही. ती पंगत सोडत नाही. आपल्या जागी बसलेली असते, पानाबरोबर सरकते, आणि खिडकीच्या काठाशी आली की तिथे अडकते. तिच्या डब्याची हद्द संपली की मुकाट्याने त्याच्याबरोबर निघून जाते. विषयांच्या ओळीतल्या प्रत्येक घराला 'स्टिकी' आणि 'टॉप शून्य' म्हणा. नावांच्या रकान्याला 'स्टिकी' आणि 'लेफ्ट शून्य'. टॉप किंवा लेफ्ट सांगितले नाही तर ती अडकतच नाही, कारण कुठे अडकायचे ते तिला कळत नाही.

वर डावीकडचे कोपऱ्यातले घर दोन्हीकडून चिकटते, म्हणून ते सर्वांच्या वर ठेवावे लागते. त्यासाठी 'झेड इंडेक्स' नावाचा क्रमांक देतात. चिकटणाऱ्या घरांना पक्का रंग द्यावा. रंग न देता सोडले तर मागून सरकणारे आकडे नावांतून दिसू लागतात आणि पाटी न पुसता तिच्यावर पुन्हा लिहिल्यासारखे होते. तक्त्याच्या रेघा एकात एक मिसळून घेतल्या असतील, म्हणजे 'बॉर्डर कोलॅप्स' असेल, तर घर चिकटून राहते आणि त्याची रेघ मात्र पानाबरोबर निघून जाते; रेघा 'सेपरेट' ठेवाव्या. आणि सगळे बरोबर लिहूनही चिकटत नसेल, तर बाहेरच्या कुठल्या तरी डब्यावर 'ओव्हरफ्लो हिडन' लिहिलेले आहे का ते बघावे. दहांत आठ वेळा दोषी तोच असतो. हा माझा स्वतःचा हिशेब आहे, शास्त्र नव्हे.

यात आपल्याकडची म्हणून एक अडचण आहे, ती इंग्रजी पुस्तकांत सहसा भेटत नाही. आपल्या याद्यांत नाव म्हणजे आडनाव, स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव, तिन्ही. असा रकाना एका ओळीत चिकटवला तर ३६० पिक्सेलांतले दोनशेहून अधिक तोच खातो. गुणांना दीड रकाना उरतो. माझा अनुभव असा की हजेरी क्रमांक आणि स्वतःचे नाव एवढेच चिकटवावे, किंवा पूर्ण नाव एकशेदहा पिक्सेलांत दोन-तीन ओळींत मोडू द्यावे. क्रमांक हवाच. एका वर्गात दोन वैष्णवी आणि तीन ओंकार असतात.

काही वाचक बोटाने किंवा माऊसने पान सरकवीत नाहीत, कळफलकाच्या टॅब कळीने एका दुव्यावरून दुसऱ्यावर जातात. हाताला कंप असणारे, दृष्टी अधू असणारे. ते ज्या दुव्यावर आले तोच खिळलेल्या पट्टीमागे दडला, तर आपण कुठे आहोत हे त्यांना कळत नाही. वेबची पाने सर्वांना वापरता यावीत यासाठी जागतिक मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ऑक्टोबर २०२३ च्या त्यांच्या २.२ या आवृत्तीत यासाठी स्वतंत्र नियम घातला आहे: कळफलकाने निवडलेली वस्तू अशा पट्टीमागे पूर्ण झाकली जाता कामा नये. 'स्क्रोल पॅडिंग' नावाची सूचना त्यासाठी उपयोगी पडते. वर पट्टी असेल तर तेवढे अंतर सोडून मग थांब, असे ती ब्राउझरला सांगते. अनुक्रमणिकेतल्या दुव्यावर बोट ठेवले आणि मथळा पट्टीखाली गडप झाला, हाही त्रास तिनेच जातो.

मग स्थिर ठेवावे तरी काय? मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: हे डोळ्यांआड झाले तर वाचणाऱ्याचे अडेल काय? ऑनलाइन परीक्षेत उरलेली मिनिटे डोळ्यांआड झाली तर अडेल, घड्याळ खिळवावे. तक्त्याचे मथळे डोळ्यांआड झाले तर गुण निरर्थक होतात, ते चिकटवावे. संस्थेचे बोधचिन्ह डोळ्यांआड झाले तर कोणाचे अडते? संस्थाचालकांचे. त्यांच्याशी या प्रश्नावर माझे दोनदा वाजले आहे आणि एकदा मी हरलो आहे. गोष्ट, कविता, धडा असे नुसते वाचावयाचे काही असेल, तर माझ्या मते काहीच स्थिर नको. वाचणाऱ्याला त्याची खिडकी पूर्ण द्यावी.

हरलो तिथेही एक पळवाट काढली, तीही सांगून टाकतो. सीएसएसला खिडकीची उंची विचारता येते. उंची पाचशे पिक्सेलांहून कमी असेल तर ही पट्टी खिळवू नको, 'पोझिशन स्टॅटिक' कर, म्हणजे साधी रांगेत बसव, असे 'मीडिया' सूचनेत लिहिता येते. फोन आडवा केला की बोधचिन्ह पानाबरोबर वर जाते. टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर ते जागच्या जागी असते, आणि संस्थाचालक पान पाहतात ते तिथेच.

प्रवेशाच्या पानावरची निळी पट्टी मी काढून टाकली. दूरध्वनी मजकुरातच दिला. त्याच्यावर बोट ठेवले की फोन लागतो, निराळी पाटी कशाला? मुदतीची तारीख शेवटून उचलून पहिल्या ओळीत नेली. खरे सांगायचे तर ही दुरुस्ती सीएसएसची नव्हेच. भाषा शिकवणाऱ्या माणसाला ती आधीच सुचायला हवी होती.

पुढच्या जूनमध्ये नवे पान तयार झाले तेव्हा ते प्राचार्यांना दाखवण्याआधी मी आमच्या शिपाईमामांकडे गेलो. त्यांचा फोन जुना, काचेला तडा गेलेला, अक्षरे सर्वांत मोठी केलेली. मी म्हटले, "मामा, हे पान उघडा आणि तळापर्यंत जा." ते गेले. मग फोन आडवा करवून पुन्हा जायला लावले. "आता शेवटची ओळ वाचून दाखवा." त्यांनी चष्मा वर सारला आणि मोठ्याने वाचले, "जातीच्या दाखल्याची मूळ प्रत सोबत आणावी." मी माझ्या हातातल्या कागदावर पाहिले. शेवटची ओळ तीच होती. त्या दुपारी पान चढवले.